अर्धा सांधलेला ताणा

॥ श्री ॥

पिरनवाडी, बेळगाव
१२ नोव्हेंबर २०२५

चि. नागोजीस,
सत्याक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

रक्षाकडे सुखरूप पोचले. भावकूनं टेंपोत पुढच्या सीटवर बसवलं, मागे कोथिंबिरीच्या पेंढ्या, त्यामुळे निपाणीपासून बेळगावपर्यंत चटणीचीच आठवण येत राहिली. हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. तो रोज मार्केटला येतो, तेव्हा उत्तर लिहून त्याच्याकडे देत जा. फोन नको. तुझे कान यंत्रमागांनी पुरते नेले, माझे तीन हिस्से नेले, आणि आपण दोघं फोनवर बोलायला लागलो की रक्षाच्या शेजारणीला वाटतं भांडण जुंपलं. कानाच्या यंत्राला डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली. बरंच झालं. यंत्र हा तुझ्या विनोदला आणि सूनबाईला सांगायचा बहाणा होता. खरं काम वेगळंच आहे, ते तुला ठाऊक आहे.

तेच आधी लिहून टाकते. तुझ्या लेकीचं पहिलं प्रदर्शन रविवारी, तेवीस तारखेला उघडतंय, आपल्या वडगावातच. बंगळूरहून काही जाणती माणसं बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर रक्षाला वर्षभर तिकडं राहून काम करायला जागा मिळेल, शाळेतल्या चित्रकलेच्या तासांवर दिवस काढावे लागणार नाहीत. कॉलेज सुटल्यापासून पोरगी या एकाच गोष्टीच्या मागं लागली आहे. तिनं तुला इतक्यांदा बोलावलं, तू दर वेळी ऐकू न आल्यासारखं केलंस. तुझं बहिरेपण कुठं खरं आणि कुठं सोयीचं हे मला चांगलं कळतं. मी तुला घेऊन येईन असं तिला सांगून बसले आहे, तेव्हा माझं नाक कापू नकोस.

आता वडगावचं ऐक. रक्षानं स्कूटरवरून नेलं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी उतरवलं आणि मला गल्लीच ओळखू येईना. आपल्या घराच्या जागी उंच इमारत, दारात संगमरवरी गणपती, आत लिफ्ट. तुझ्या मागाचा खड्डा जिथं होता तिथं कुणाची तरी लाल मोटार उभी होती. मी त्या मोटारीपाशी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. वॉचमननं कन्नडमध्ये विचारलं, कुणाला भेटायचंय. मी म्हटलं, माझ्या घराला. त्यानं गंभीरपणे विचारलं, कितवा मजला. मला हसावं की रडावं कळेना.

पण खरा धक्का पायांना बसला. आपल्याला ऐकू येत नाही, पण त्या गल्लीत पाय ठेवला की तळव्यांना माग कळायचे. दारोदारी चालायचे ते, जमीन सतत थरथरायची, तिच्यावरूनच कुणाचा माग बंद आहे ते आपण सांगायचो. मी चपला काढून उभी राहिले. काही नाही रे. दगडावर उभं राहावं तसं. पलीकडच्या गल्लीत अजून चालतात म्हणे, पण आपली गल्ली मुकी झाली.

त्याच गल्लीच्या टोकाच्या यंत्रमागाच्या शेडचं आता कलादालन केलंय. रक्षाचं प्रदर्शन तिथंच उघडणार आहे, बाहेर दालनाचं आपलं आधीपासून चालूच असतं. सगळीकडे पांढरा रंग, वर दिवे, एका कोपऱ्यात कॉफी. देवळात शिरावं तशी मी चपला बाहेर ठेवून आत गेले, बाकी सगळे बूट घालून फिरत होते. आणि आत पाऊल टाकलं मात्र, तळवे थरथरले. माग चालू होते, नागोजी. एक नाही, आठ-दहा. मी रक्षाचा हात सोडून आवाजाच्या, म्हणजे पायांच्या दिशेनं धावले. दार ढकललं तर रिकामी खोली. लाकडी जमीन, चार कोपऱ्यांत चार काळी खोकी, त्यातून मागांचा आवाज सोडलेला. लोक डोळे मिटून ऐकत बसले होते. मी तिथंच मटकन बसले, तर एका मुलीला वाटलं मीही ऐकतेच आहे, तिनं मला बसायला उशी आणून दिली.

भिंतीवर फोटो आहेत. एकात समोरच्या दारातल्या लक्ष्मीबाई, रहाट धरून. खाली छापलंय, अनाम विणकर स्त्री. मला राग आवरेना. टेबलावरच्या मुलीला म्हटलं, अनाम कशी? उसन्या साखरेची वाटी शिगोशीग भरून परत करणारी बाई होती ती, नाव लिही. तिनं बिचारीनं लगेच कागदावर लिहून चिकटवलं. पुढं आणखी एक तऱ्हा. येणाऱ्या बायकांनी आपल्याकडची साडी नेसून मागापाशी फोटो काढायचा. माझ्या अंगावर त्यांनी हिरवीगार साडी टाकली. मी विंचू चावल्यासारखी मागं सरले. पंचेचाळीस वर्षं झाली तुझे भावोजी जाऊन, तेव्हापासून हिरव्याला हात लावला नाही हे त्या पोरींना कोण सांगणार? रक्षानंच काहीबाही सांगून मला सोडवलं.

तिचं काम आतल्या दालनात आहे, पण दाखवत नाही. आप्पा आले की दोघांनी मिळून बघा म्हणते. आपला जुना हातमाग आत मांडलाय, एवढंच कळलंय.

तेव्हा ये. सूनबाईला सांग, तुझ्या हातची भाकरी इथं आठवते. लोभ आहेच, तो वाढवायचा की आटवायचा ते तू रविवारी ठरव.

तुझी,
सत्याक्का

॥ श्री ॥

निपाणी
१५ नोव्हेंबर २०२५

ती. सत्याक्कास,
नागोजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भावकूनं ते कोथिंबिरीत ठेवलं होतं, त्यामुळे वाचताना मलाही चटणी आठवली. इकडं सर्व ठीक. विनोदला तुझ्या बहाण्याची कल्पना पहिल्या दिवसापासून आहे.

कलादालनात अनवाणी गेलीस ते वाचून मी आणि सूनबाई हसलो. खोक्यांचं वाचून मात्र हसू आलं नाही. आपण त्या आवाजापायी कान घालवले आणि आता लोक तो ऐकायला उशीवर बसतात. चालायचंच.

मी येणार नाही. रक्षावर राग नाही, हे तिला सांग. घर विकताना तिनं माग मागितला, मी दिला, जसा उभा होता तसा उचलून न्यायला सांगितलं. न्यायला माणसं आली तेव्हा मी घरात थांबलो नव्हतो. रक्षाची आई जया गेली तेव्हा तू महिनाभर सदलग्याला सासरच्यांकडे होतीस. तू आलीस तोवर मी मागाच्या खोलीला कुलूप घातलं होतं, आणि तू कधी उघड म्हणाली नाहीस, याबद्दल मी तुझा ऋणी आहे. त्यानंतर मी हातमागावर बसलो नाही. लोकांच्या कारखान्यात यंत्रमाग चालवले, कान दिले, पण त्या फळीवर बसलो नाही. आता तो माग दिव्याखाली मांडून लोक त्याच्याभोवती फिरणार. त्यांनी खुशाल फिरावं. मला ते बघवणार नाही.

पोरीचं काम त्या बंगळूरच्या लोकांना आवडो, ही इच्छा आहे. रोज सकाळी तेवढंच मागतो. तू तिच्या पाठीशी आहेस, मग मी असल्यासारखंच आहे.

कुंदा आणशील तर थोडाच आण, साखर वाढलीय. आजवर जशी सांभाळून घेतलीस तशी याही वेळी घे.

तुझा धाकटा,
नागोजी

॥ श्री ॥

पिरनवाडी
२० नोव्हेंबर २०२५, रात्री

चि. नागोजीस,
सत्याक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर फुगून बसले होते, म्हणून उत्तर नाही. आज मात्र इतकी खूश आहे की तुला लिहिल्यावाचून झोप यायची नाही.

आधी शहापुरातली गंमत. रक्षानं तिथलं दुसरं एक दालन दाखवलं. छताला जुने धोटे टांगलेत, शेकड्यानं, माशांसारखे. खालून बघायचं. मी विचारलं, याचं करायचं काय? तिथला दाढीवाला मुलगा म्हणाला, आजी, तुम्हाला काय वाटतं ते सांगा. म्हटलं, मला वाटतं की एवढ्या घरांत जेवण शिजेनासं झालं. तो उठून आत गेला. मग पाणी आणून दिलं. पोरं वाईट नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांना जे शोभेचं दिसतं त्यात मला बंद पडलेले माग दिसतात.

आता आजचं. रक्षाला दुपारी छापखान्यात जायचं होतं. माझे पाय दुखत होते म्हणून तिनं मला वडगावच्या दालनात बसवलं, किल्ली दिली, आतल्या दालनात जाऊ नकोस म्हणाली आणि गेली. आता तूच सांग, आत आपला माग आहे हे ठाऊक असताना मी कॉफीच्या वासावर दिवस काढायचा? मी गेले आत. माग पांढऱ्या चादरीखाली होता. पोरीनं काय सुंदर ठेवलाय. लाकडी चौथरा केलाय, पाय सोडायला मध्ये खड्डाही ठेवलाय. सगळी लाकडं पुसून तेल लावलेली. मी फळीला हात लावून नमस्कार केला.

आणि बघते तर काय, ताणा अर्धाच सांधलेला. फणीत जुन्या ताण्याची टोकं तशीच होती, मागे नवा ताणा चढवलेला, हिरवागार, नवरीच्या चुड्यासारखा. निम्म्याच्या पुढंमागं धागे जुन्याला जोडून झालेले, उरलेले तसेच लोंबत होते. रविवार तीन दिवसांवर आला, लोकांसमोर माग चालवून दाखवायचा असणार, आणि पोरीला वेळच मिळाला नाही. रात्रंदिवस राबते, कुणाला सांगत नाही. बापावर गेलीय.

मग मी पदर खोचला. काल पूजेची राख घेतली होती ती पुडीत होतीच, ती बोटांना लावली. बसले ती उठलेच नाही. जुनं टोक, नवं टोक, चिमटीत धरायचं, पीळ द्यायचा, दुमडायचा, पुढचं घ्यायचं. तुम्हा पुरुषांना वाटतं साडी तुम्ही विणता. आम्ही एकेक धागा सांधून दिल्याशिवाय तुमचा धोटा बसला असता कुठं? डोळे दगा देतील वाटलं होतं, पण हे काम डोळ्यांचं नाहीच. बोटांना सगळं आठवत होतं. इतक्या वर्षांनी मी कामाची झाले असं वाटलं.

रक्षानं आधी केलेली सांधणी बघून मात्र मी थक्क झाले. इतकी घट्ट, इतकी सारखी. मला जयाची आठवण आली. पोरीनं आईचा हात उचललाय, आणि आपल्याला पत्ता नाही. सगळं झाल्यावर ताणा फणीतून पुढं ओढून घेतला, तिचा एकही सांधा सुटला नाही. माझे दोन सुटले, ते पुन्हा केले. वर चादर घातली आणि काही न झाल्यासारखी बाहेर येऊन बसले. तिला अजून सांगितलं नाही. उद्या सकाळी चादर काढेल तेव्हा तिचं तोंड बघायचं आहे.

आता तरी ये. माग तयार आहे, विणकर पाहिजे. हिरव्या रंगाचं तिच्या मनात काय आहे ते मी विचारलं नाही. एखादा मुलगा असला तर आपण दोघांनी मिळून नाही म्हणू आणि मग हो म्हणू. या म्हातारीवर अशीच माया ठेव.

तुझी,
सत्याक्का

वडगाव, बेळगाव
२१ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांस,
रक्षाचा शि. सा. न. वि. वि.

आप्पा, आत्तीचं कालचं पत्र तुम्हाला भावकूअण्णाकडून मिळालं असेल, आणि ते वाचून तुम्हाला सगळं कळलं असेल. मला आज सकाळी कळलं. चादर काढली आणि मी बघतच राहिले. आत्ती माझ्या मागं उभी होती, तोंडाला पदर लावून हसत होती. मी शाबासकी देईन म्हणून वाट बघत होती.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी खाली बसले. तिनं मला चक्कर आली समजून पाणी मारलं. मग मी तिला कागदावर लिहून दाखवलं, कारण ओरडल्याशिवाय तिला ऐकू आलं नसतं. लिहिलं की ती सांधणी माझी नव्हती, आईची होती.

आप्पा, तुम्ही कधी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. माग उचलला तेव्हा मी माणसांना एक धागाही हलू दिला नव्हता. आई चहा करून येते म्हणून जिथं उठली, आणि तिथून दवाखान्यात गेली, ती जागा त्या ताण्यावर होती. एका बाजूला तिनं सांधलेले धागे, दुसऱ्या बाजूला लोंबणारे. माझं प्रदर्शन म्हणजे तेवढंच. बाकी काही नाही. एक माग, एक दिवा, आणि आईचा हात थांबला ती जागा. मी चौदा वर्षांची होते. आईचं अक्षर आपल्याकडे नाही, तिला लिहिता येत नव्हतं. आवाज कुठं धरून ठेवलेला नाही. तिच्या हातचं म्हणून ते एवढंच होतं.

आता ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा आहे. फोटो आहेत माझ्याकडे, पण धागे केसासारखे, त्यात अर्धं कळतं, नेमकं कुठं ते कळत नाही. आत्तीनंच आईला सांधायला शिकवलं होतं ना? दोघींचा हात सारखाच आहे. मी सकाळपासून भिंग घेऊन बसले आहे. मला माझी आई आणि आत्ती वेगळ्या करता येत नाहीत.

बंगळूरच्या सौम्या मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, रविवारी येतो, बघू.

आत्ती जेवलेली नाही. तिची चिठ्ठी सोबत जोडते. तुम्ही तिच्यावर रागावू नका. मी रागावले आहे, तेवढं पुरे. तुमचा आशीर्वाद असू द्या, दुसरं आता काही मागत नाही.

तुमची,
रक्षा

(सोबतची चिठ्ठी)

नागोजी, मी जयाचं शेवटचं काम माझ्या हातांनी पुसून टाकलं. ते हात बघवत नाहीत. तू मला लहानपणी कधी मारलं नाहीस, आता ये आणि मार. स.

॥ श्री ॥

निपाणी
२२ नोव्हेंबर २०२५

ती. सत्याक्कास शि. सा. न., चि. रक्षास आशीर्वाद. वि. वि.

तुम्हा दोघींना एकच पत्र लिहितो, वेगवेगळं लिहायचा धीर नाही.

आक्का, तुझं पत्र वाचताना हिरवा ताणा हे शब्द आले आणि मी पत्र खाली ठेवलं. पुढचं विनोदनं समोर धरून वाचायला लावलं. तुझ्यावर मी इतका संतापलो की दोन पत्रं लिहून फाडली. जी खोली मी अकरा वर्षं उघडली नाही तिच्यात तू पदर खोचून शिरलीस आणि दुपारभरात सगळं आवरून टाकलंस. मग तिसऱ्यांदा लिहायला बसलो तेव्हा जया आठवली, आणि मला हसू आलं. जया गेल्यानंतर तिच्या आठवणीनं हसलो तो हा पहिला दिवस.

आक्का, जया डावखुरी होती. नवी नवरी आली तेव्हा तू तिला डाव्या हातानं राख उचलताना पाहिलंस आणि काय फैलावर घेतलंस. घरात लक्ष्मीचं काम, डाव्या हातानं करतात का. तिनं मान खाली घातली, उजवा हात लावला. तुला वाटलं सवय मोडली. तू गल्लीच्या बाहेर पडलीस की डावा हात सुरू व्हायचा. तू दारात दिसलीस की उजवा. मी समोर फळीवर बसून हे वर्षानुवर्षं बघितलंय. एकदा मी तिला म्हटलं, आक्काला सांगून टाक. ती म्हणाली, त्यांना शिकवल्याचं समाधान हाय, ते कशाला मोडायचं.

तो ताणा सांधला तेव्हा तू सदलग्याला होतीस. म्हणजे तो सगळा डाव्या हाताचा. डाव्या हाताचा पीळ उलटा बसतो. तुझा तसा नाही. भिंगात नाही दिसणार ते, रक्षा, बोटांना कळेल. भिंग ठेव बाजूला. काही सोडवू नका, काही कापू नका, कुणाला हात लावू देऊ नका.

भावकूला सांगितलंय, उद्या पहाटे मी त्याच्या टेंपोत आहे. आक्का, जेवून घे. उपाशी माणसाशी भांडायला मजा येत नाही. जशी आहेस तशीच भेट.

नागोजी

पिरनवाडी
२५ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांस,
रक्षाचा शि. सा. न. वि. वि.

विनोददादाचा मेसेज आला, तुम्ही सुखरूप पोचलात. रविवारी तिथं जे बोलणं झालं त्यातलं तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही, आणि तुमच्या पाठीमागं जे घडलं ते दिसलं नाही. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

तुम्ही आलात तेव्हा दालनात पंचवीस-तीस माणसं होती. तुम्ही चपला बाहेर काढल्यात, आणि आत्तीला बघून लोकांनी आधीच काढल्या होत्या, त्यामुळे दाराशी देवळासारखा ढीग झाला होता. सौम्या मॅडम मला विचारत होत्या की हे कोण. मी सांगायच्या आत तुम्ही चौथऱ्यावर चढलात. त्यांच्याबरोबरचे गृहस्थ पुढं झाले, कलाकृतीला हात लावू नका म्हणाले, इंग्रजीत, मग कन्नडमध्ये. तुम्हाला ऐकू आलं नाही. मी त्यांना थांबवलं.

तुम्ही फळीवर बसलात. डोळे मिटलेत. कडेपासून एकेक सांधा चिमटीत धरून सोडत गेलात, अगदी सावकाश. मी तुमच्या बोटांकडे बघत होते. मध्याच्या थोडं पुढं तुमची बोटं थांबली. मागचा सांधा पुन्हा धरलात, पुढचा पुन्हा धरलात. मग तुम्ही मोठ्यानं, ऐकू न येणारं माणूस बोलतं तसं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हितं उठली बघ तुझी आई."

आप्पा, माग उचलून आणल्यापासून मी ती जागा बघत होते, पण ती मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसली. मी तिथं लाल धागा धरला, तुमच्या बोटापाशी. गाठ तुम्हीच मारलीत.

मग सौम्या मॅडमनी मला विचारलं की लाल धाग्याच्या पुढचे सांधे सोडवून माग पुन्हा पहिल्यासारखा करता येईल का. त्यांना तेच काम हवं होतं, अर्धं थांबलेलं. मी विचार करत होते. खरंच करत होते, खोटं कशाला बोलू. आणि मी काही बोलायच्या आत तुम्ही मागावर ठेवलेला धोटा उचललात आणि ताण्यातून पलीकडे फेकलात.

मला वाटतं तुम्हाला स्वतःलाही ते कळलं नसावं. हात गेला आणि धोटा गेला. फणी ओढलीत. पुन्हा धोटा. जुने धागे दोन-चार तुटले, तुम्ही मान न वळवता चिमटीत पीळ दिलात आणि पुढं चाललात.

आता तुमच्या पाठीमागचं. आत्ती तेव्हा आत नव्हतीच. तुमच्या समोर यायची तिची हिंमत होत नव्हती, ती बाहेरच्या दालनात लक्ष्मीबाईंच्या फोटोपाशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. आवाजाची खोकी त्या दिवशी मी बंद ठेवली होती. तिला कुणी हाक मारली नाही, मारली तरी ऐकू गेली नसती. पण ती अनवाणी होती. तुमचा तिसरा-चौथा धोटा असेल. मी दारातून बघत होते. तिनं आधी खाली पायांकडे बघितलं. मग वळली. ती धावली नाही, आप्पा. भिंतीला धरत, एकेक पाऊल टेकवत आली, पाऊल उचललं तर ते थांबेल अशी भीती असल्यासारखी. दारात आली, तुम्हाला फळीवर बघितलं आणि उंबऱ्यावर बसून रडली. तुम्ही विणतच होतात.

बंगळूरची मंडळी म्हणाली, आम्ही निवडलेलं काम हे नव्हे, विचार करून कळवू. नकार येईल असं वाटतं. मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं आहे. पण त्या रात्री मी झोपले, बऱ्याच महिन्यांनी.

टेंपोत चढताना तुम्ही ताण्याबद्दल जे सांगितलंत आणि आत्तीला सांगायचं माझ्यावर ढकललंत, ते मी अजून तिला सांगितलेलं नाही. आज रात्री लिहून दाखवीन. तुमच्या प्रेमाची सवय नव्हती, आता लागली आहे, तेवढी मोडू नका.

तुमची,
रक्षा

॥ श्री ॥

पिरनवाडी
२७ नोव्हेंबर २०२५

चि. नागोजीस,
सत्याक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

रक्षानं परवा रात्री पाटीवर लिहून दाखवलं. मी दोनदा वाचलं आणि पाटी पुसून टाकली. मग तिला पुन्हा लिहायला लावलं.

तो हिरवा ताणा जयानं माझ्यासाठी मांडला होता. मला सदलग्याला तिनंच हट्टानं पाठवलं होतं, ते आता कळलं. ती तुला म्हणाली होती, आक्कांनी कोवळ्या वयात हिरवं टाकलं, कुणी म्हटलं नाही की पुन्हा नेसा, म्हणून मी देणार, नेसल्या नाहीत तर घडी करून पेटीत ठेवतील, पण देणार. आणि तू अकरा वर्षं हे पोटात ठेवलंस. मी जिला उठता-बसता डाव्या हातावरून बोलले, ती त्याच हातानं चोरून माझी साडी सांधत होती. आणि ती जिथून उठली तिथं मी जाऊन बसले, आणि माझीच साडी मला न कळता पुढं सांधली.

मला काल दिवसभर काही सुचलं नाही. आज सुचलं, म्हणून लिहिते आहे. बंगळूरचा निरोप आलेला नाही. येईल तो येईल. रक्षा माग आणखी महिनाभर तिथंच ठेवते म्हणते, लाल धाग्यासकट. तो धागा विणताना काढायचा नाही, साडीतच जाऊ दे.

भावकूला मी सांगून ठेवलंय, दर रविवारी तुझी पुढची सीट. कानाच्या यंत्राची तारीख पुढं ढकलली आहे, तोवर तळव्यांवर भागेल. तेव्हा बहाणे नकोत. वेळ लावू नकोस, माझं वय बघ. तू विणून दे, मी नेसणार आहे.

तुझी वाट बघणारी,
सत्याक्का